गारव्याची फेरी

उन्हाळ्यात शेळगावचा दिवस महादूतात्यांच्या मालट्रकच्या फेरीनं सुरू व्हायचा. मागं भाजीच्या पाट्या चढलेल्या असत. तात्या स्टिअरिंगच्या चाकावर बसलेले, आणि शेजारी त्यांच्या मंडळी, यमुनाकाकू, पदराचं टोक दातात धरून. ट्रक मारुतीच्या देवळाला सावकाश एक वळसा घालून परत तात्यांच्या दारात उभा राहायचा. काकू खाली उतरायच्या, पदर सोडायच्या आणि म्हणायच्या, "गार हाय." मग मी वर चढायचो आणि आम्ही बारामतीची वाट धरायचो.

काकूंनी "गार न्हाय" म्हटलं तर गाडी हलायची नाही. तात्या निमूटपणे खाली उतरून परत खटपटीला लागायचे. भाजी सुकली तरी चालेल.

देवळाच्या पारावर बसलेली मंडळी रोज काही ना काही टाकायचीच. "काकू, आज कंच्या गावाला?"

"सासरला," काकू काचेबाहेर न बघता म्हणायच्या. "ही बघा, परतबी आले."

मी या गावचा जावई. मूळचा इंदापूरचा. सासऱ्यांना मुलगा नव्हता आणि पाटाखाली मळा होता, म्हणून लग्नानंतर मी इथंच राहिलो. घरजावयाला गाव मान देतं, पण तो चिमट्यात धरून देतं. माझं नाव कुणी घेत नसे. सगळ्यांचा मी जावई. भाजी पिकवणाऱ्या घरांनी मिळून मला मालाबरोबर बारामतीला जायचं काम दिलं होतं, वजनाच्या काट्यावर नजर ठेवायला. त्यामुळं पन्नास सालानंतरचे कितीतरी उन्हाळे मी तात्यांच्या शेजारी बसून काढले. ते मला जावईबापू म्हणायचे. पण त्यांच्या तोंडी त्याला चिमटा नसायचा.

तात्यांचा ट्रक लढाईतला. लढाई संपल्यावर सरकारनं असल्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातला एक. तात्या स्वतः लढाईत बसऱ्याकडं असलाच ट्रक हाकत होते, त्यामुळं लिलावात त्यांना तो ओळखीच्या माणसासारखा भेटला असावा. त्याचा हिरवा रंग त्यांनी तसाच राहू दिला. गावात कधी भोंगा वाजवायचे नाहीत. दारावर बाहेरून हातानं थाप मारायचे आणि पोरंबाळं, शेरडंकरडं बाजूला व्हायची. विडी ओढायचे ती खाली उतरून. गाडीत विडी पेटवली की गारवा इस्कटतो, असं त्यांचं म्हणणं.

हा गारवा म्हणजे काय, ते सांगायला हवं.

एका वैशाखात भाजी उतरवून परत येताना तात्यांना ऊन लागलं होतं. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं, दुपारची गाडी बंद. पुन्हा लागलं तर आमच्या हातात काही राहणार नाही. तात्या घरी आले, पडून राहिले, आणि उठले ते घासलेटचा रिकामा डबा शोधतच उठले. डब्याच्या दोन्ही बाजू कापल्या, आत जाळीत वाळा भरला आणि ती पेटी माझ्या बाजूच्या खिडकीत पट्ट्या आणि बोल्ट लावून बसवली. टपावर पाण्याचा दुसरा डबा. त्यातून तांब्याची एक नळी पेटीवर आडवी आणलेली, तिला बारीक भोकं. पाणी थेंबथेंब वाळ्यावर गळायचं, गाडी पळायला लागली की वारा पेटीत घुसायचा आणि ओल्या वाळ्यातून गाळून आत यायचा. बाहेर उन्हाच्या झळा, आणि आत माठाजवळ बसल्यासारखं. माझी डावी मांडी मात्र कायम ओली.

"इंजिनाला समदे पाणी पाजत्यात," तात्या म्हणायचे, "डायव्हरला कोन पाजनार?"

काकूंनी पेटी पाहिली, हात लावून पाहिला आणि दोन अटी घातल्या. एक, पेटी गार आहे की नाही ते रोज सकाळी काकू ठरवणार. उभ्या गाडीत वारा नाही, म्हणून मग ती फेरी. आणि दुसरी, वाटेत पेटी थांबली तर गाडीही थांबली पाहिजे. सावली बघायची, आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बसायचं.

"वचन द्या," काकू म्हणाल्या.

तात्यांनी मारुतीकडं हात करून दिलं. तेव्हा मी तिथंच उभा होतो.

पेटी भरायचं काम तात्या पहाटे दारातच करायचे. कालचा वाळा काढून धुवायचा, झटकायचा, विरलेला टाकून मूठभर नवा घालायचा. नळीची भोकं बाभळीच्या काट्यानं मोकळी करायची. सुई नाही, काटाच. सुईनं भोक मोठं होतं म्हणे. मग पंच्यातून गाळून पाणी ओतायचं आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. सगळ्या भोकांचे थेंब एका तालावर पडेपर्यंत ते डोळे उघडायचे नाहीत. त्या वेळी काही विचारलं तर हात वर करायचे, देवपूजेत करतात तसा.

पाणी देवळामागच्या गोड्या विहिरीचंच. जाताना डब्यातलं, येतानासाठी मागं भरून घेतलेलं, सगळं तिचंच. पाट आल्यापासून आमच्याकडं ऊस आला, केळी आली, पण खालच्या अंगाच्या जमिनी खारावून चोपण होत गेल्या आणि विहिरी मचूळ, खारट झाल्या. तात्या म्हणायचे, "मानूस मचूळ पाणी पिऊन जगंल, पेटी न्हाय जगायची."

बारामतीच्या बाजारात बाकीचे ड्रायव्हर पेटीला हसायचे. "तात्या, कोंबड्या ठेवल्या व्हय खुराड्यात?" तात्या पाट्या उतरवत राहायचे. एकदा एका जाड्या अडत्यानं फारच टिंगल लावली. तात्या त्याला म्हणाले, "मालक, वाईच येता का? हितं येशीपत्तूर जाऊन येऊ." भर दुपारी त्याला शेजारी बसवून तात्यांनी गाडी गावाबाहेर काढली. मी मागं रिकाम्या पाट्यांवर. परत आलो तर अडत्याची मान पेटीला टेकलेली आणि घोरणं बाजाराला ऐकू जातंय. तात्यांनी गाडी सावलीत लावली, खाली उतरून विडी पेटवली आणि हसणाऱ्यांना म्हणाले, "हळू. बाळ निजलंय."

माझा मुलगा बारामतीच्या दवाखान्यात झाला, तोही ऐन चैत्रात. त्याला आणि त्याच्या आईला तात्यांनीच घरी आणलं. मला मागं बसायला लावलं आणि सगळी वाट बैलगाडीच्या चालीनं काढली. वाऱ्याचा जोर बाळाच्या तोंडावर नको, म्हणून काकूंनी दिलेलं जुनं लुगडं पेटीवर बांधलं होतं. घरी उतरल्यावर माझी बायको इंदू म्हणाली, "तात्या, पोरगं लालबुंद हुईल वाटलं हुतं उन्हानं. ह्याला तर घामबी न्हाय." तात्या खूश झाले ते पोरापेक्षा त्या न आलेल्या घामावर.

हे सगळं मी आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायचं टाळत होतो. ज्या माणसानं माझं पोर असं आणलं, त्याच्याशी मी कसा वागलो ते आता सांगतो. तात्या नाहीत, काकूही नाहीत, आणि माझंही वय आता त्यांच्या तेव्हाच्या वयाशी येऊन टेकलं आहे.

एका उन्हाळ्यात इंजिनाच्या पाण्याचं झाकण उघडताना वाफेनं तात्यांचा उजवा पंजा भाजला. पट्टी बांधून चाक धरता येई, पण घागर धरवत नसे. ते मला म्हणाले, "जावईबापू, पट्टी निघेस्तवर पेटी तुमी भरा." कुणाला सांगितलं नसतं असं काम त्यांनी मला सांगितलं. मला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी मी खांद्यावर कावड घेऊन गोड्या विहिरीवर गेलो. पहाटे तिथं बायकांची गर्दी. माझ्या सासूबाई, चुलतसासवा, इंदूच्या मैत्रिणी. मला बघून रहाट थांबला. इंदूची एक चुलत बहीण म्हणाली, "अगं इंदूला सांगा कुनीतरी, नवऱ्याला पाणक्याची नोकरी लागली." सगळ्या हसल्या. सासूबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. मी कावड भरली, पण घरापर्यंतची वाट मला सरता सरेना.

दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणू लागलो. ते मचूळ आहे हे मला माहीत होतं. चार दिवसांनी काय होतंय, असं मनाशी म्हटलं. काटाही रोज घातला नाही. नव्या वाळ्याचा वास तोच, थेंब पडत होते, आणि काकू रोज फेरी मारून "गार हाय" म्हणत होत्या. मला वाटलं, तात्यांचा गोड्या पाण्याचा हट्ट उगाचच होता.

मग तो दिवस आला. बारामतीत माल उतरवून आम्ही निघालो तेव्हा ऊन ऐन डोक्यावर होतं. गाव मागं पडलं आणि माझ्या मांडीवर पाणी यायचं थांबलं. मी पेटीकडं पाहिलं. नळीच्या भोकांवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसत होती. ते मीठ होतं. वारा आधी कोमट झाला, मग भट्टीसारखा. माझ्या जिभेवर शब्द होते, तात्या, थांबा. पण थांबलो की ते पेटी उघडणार, उघडली की विचारणार, आणि विचारलं की सगळ्या गावाला कळणार की जावई बायकांना लाजून मिठाचं पाणी भरत होता. मी समोर रस्त्याकडं बघत राहिलो. तात्याही बोलले नाहीत. वाटेत दोनदा चांगली सावली आली आणि गेली.

लासुर्ण्याच्या अलीकडं त्यांनी गाडी हळू केली. एका लिंबाखाली कडेला घेतली, गिअर काढला, हातब्रेक ओढला. सगळं रीतीनं केलं. मग चाकावर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले. अंग तव्यासारखं. पुढं टांगलेली पाण्याची छागळ मी काढली आणि सगळी त्यांच्या डोक्यावर ओतली. पाटावर काम करणारी माणसं बैलगाडी घेऊन धावत आली. कुणी वारा घातला, कुणी तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तात्यांनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते, "हातब्रेक वढला का मी?"

तात्या वाचले. पण दोन महिने अंथरुणाला होते, आणि उठले ते चाकावर बसायचं नाही या बोलीवर. पुतण्या दिनकर गाडी चालवू लागला. तात्या पहाटे पेटी भरून देत आणि ओट्यावर बसून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत. काकूंनी फेरी सोडली ती सोडलीच. पारावरच्या मंडळींनीही कधी त्याबद्दल विचारलं नाही.

पेटी त्यानंतर कधी बंद पडली नाही, पण तात्यांचा तिच्यावर भरवसा राहिला नाही. सारखं काही तरी बदलायचे. नळी बदलली, जाळी बदलली. मी समोर दिसलो की म्हणायचे, "जावईबापू, दगा का दिला असंल वो हिनं?" मी म्हणायचो, "काय की." हे वर्षानुवर्षं चाललं. त्या दोन शब्दांइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

पन्नाशीची सालं संपत आली असतील. एका सकाळी मी त्यांच्या दारात गेलो, तर दिनकर पाना घेऊन पेटी खोलायला चढला होता. ती काढली की खिडकीशी एक भाड्याचा माणूस बसेल, असा त्याचा हिशेब. तात्या ओट्यावर बसून होते. "काढ," ते म्हणाले. "लबाड हाय ती. एकांद्या दिवशी तुलाबी फशिवल."

एक पट्टी सुटली होती. दिनकर दुसरीला लागला.

मी म्हणालो, "तात्या, पेटी लबाड नाही. मी मळ्यातलं पाणी घालत होतो."

दिनकरचा हात थांबला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विहीर, कावड, बायका, नळीवरचं मीठ, आणि मला ते दिसलं होतं हेही. सांगताना मी तात्यांच्या पायांकडं बघत होतो. पाय हलले नाहीत.

"रोज मचूळ?" त्यांनी विचारलं.

"पहिला दिवस सोडून रोज."

"आन काटा?"

"रोज नाही."

तात्यांनी मान वर करून पेटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी पेटी बराबर हुती."

"बरोबर होती."

"नळीबी?"

"नळीपण."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की दिनकर घाबरून खाली उतरला. "आरं, पाना खाली ठेव," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं वळले, आणि मी अंग चोरलं. पण ते आवाज खाली आणून, घराच्या दाराकडं बघत बोलले. "तुमाला दिसलं म्हंता. मला काय डोळे नव्हते? बारामतीची शीव सुटायच्या आतच कळलं मला पेटी थांबल्याली. थांबायचं वचन हुतं. पर मागनं बाजारातल्या गाड्या येत हुत्या. म्हनलं, सावलीला बसल्यालं बघितलं तर हसत्याल खुराड्याला. तुमी पेटी बंद पाडली, गाडी तर मीच चालिवली न्हवं? हिला म्हनलं हुतं, पेटी एकदम लिंबापाशी थांबली म्हून."

"मला काय म्हनलं हुतं?" काकू आतून बाहेर आल्या. हाताला पीठ होतं.

दिनकर पान्याकडं बघतोय.

"समदं ऐकलं मी," काकू म्हणाल्या. "आन मिठाचं मला नगा सांगू. पेटी कुनी धुतली त्या दिवशी? वाळ्यावर पांढरं हुतं. जिभंला लावून बघितलं."

"मग बोलली का न्हाईस?" तात्यांचा आवाज चढला. "येवढी वर्सं मी नळ्या बदलतोय."

"बोलले असते तर गोड्या पाण्यानं पेटी भरून दुसऱ्या दिवशी चाकावर बसला असता." काकूंनी पदराला हात पुसले. "रोज फेरीला बसायची, गार हाय म्हनायची, आन दिवसभर जीव ह्या रस्त्यावर. पेटी बिघाडली असं तुमाला वाटलं, तवा घरी बसला. बसू दिलं मी." मग माझ्याकडं पाहिलं. "आन जावई, तुमचं नाव घेतलं असतं तर ह्या गावानं तुमाला जन्मभर पाणक्या म्हनलं असतं. म्हून ऱ्हायलं."

तात्या आधी हसले. खाली मान घालून, खांदे हलवत. मग काकू हसल्या, आणि हसू आवरेना तशी त्या ओट्यावरच टेकल्या. मला हसू आलं नाही. पण मीही त्यांच्याशेजारी खाली बसलो. काकूंनी आत जाऊन मला आधी पाणी दिलं, मग चहा.

निघताना तात्या म्हणाले, "उद्या पेटी तुमी भरायची. गोड्या हिरीचं."

पहाटे मी कावड घेऊन गेलो. रहाट थांबला. इंदूची तीच चुलत बहीण माहेरी आली होती; तिची लेक तिच्या कडेवर होती. "जावई, पुन्यांदा पाणक्या?" ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो. "वाईच सरका, तात्यांची गाडी खोळंबलीय."

तिनं खरंच जागा दिली. एकीनं तर रहाट ओढून दिला.

वाळा धुतला, काटा घातला, पाणी गाळून ओतलं. तात्या शेजारी डोळे मिटून बसले. थेंब एका तालावर यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला दोनदा परत काटा घालायला लावला. मग त्यांनी डोळे उघडले, दिनकरकडं पाहिलं नाही, काकूंकडं पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या. पायात चपला सरकवल्या, गाडीत चढल्या आणि पदराचं टोक दातात धरलं. तात्या दुसऱ्या बाजूनं चढले आणि चाकावर बसले.

गाडी हलली. पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकजण उठून उभा राहिला. ट्रक देवळामागं गेला, पलीकडून निघाला आणि दारात येऊन थांबला. धुळीत देवळाभोवती पाण्याच्या थेंबांची एक बारीक रेघ उमटली होती. दिनकर चाकावर बसायला पुढं झाला.

काकू उतरल्या नाहीत. पेटीसमोर हात धरून त्या बसल्या होत्या, डोळे मिटून.

"काय गं?" तात्या म्हणाले. "गार हाय का न्हाय?"

"कळंना अजून," काकू म्हणाल्या. "आनखी एक फेरी मारा."